पुस्तकांना ठेवलेली नावं

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.
अखेर वाचनालयाला अक्कल आली. बालविभागाची पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे. चिटणीस स्वतः घरी आले. म्हणाले, प्रकाशकांकडून शंभर पुस्तकं महिनाभर पाहायला आली आहेत. चांगली तेवढी ठेवू, बाकीची परत. तुम्ही नावं काढून द्या. एकतीस वर्षं शाळेत पर्यवेक्षक होतो, त्याचं चीज झालं. कमिटी माझ्या एकट्याची, त्यामुळे मतभेदाचा प्रश्न नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, मुलांना काय आवडतं ते तुम्हाला कुठे ठाऊक? मुलांना आवडतं ते वेगळं आणि मुलांसाठी चांगलं ते वेगळं, हे हिला बेचाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं नाही.

संकल्प: रोज दहा पुस्तकं. कुणाचंही ऐकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, महिनाअखेर आमच्या नातीने मी निवडलेलं एक तरी पुस्तक आपणहून न्यायला हवं. दहा वर्षांची कार्टी. मी वाचायला काही दिलं की तिला नेमकी झोप येते.

५ ऑगस्ट, बुधवार.
ग्रंथपालबाई तरुण, हसऱ्या, म्हणजे बिनकामाच्या. मुलांना जमिनीवर लोळून वाचू देतात. त्यांनी विचारलं, सगळी पुस्तकं पूर्ण वाचणार का? कीव आली. अनुभवी माणूस शेवटचं पान पाहतो. तात्पर्य असलं तर घ्यायचं, नसलं तर नाही. पंचवीस मिनिटांत दहा उरकली.

६ ऑगस्ट.
पाठ दुखते. सुट्टी.

८ ऑगस्ट, शनिवार.
प्रत्येक पुस्तकात माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी ठेवतो आहे. पसंत पुस्तकांत: ‘उत्तम. संस्कारक्षम. प्रत्येक मुलाने वाचलेच पाहिजे.’ सगळ्यांना हाच मजकूर. नापसंत पुस्तकांत मात्र सविस्तर कारणं; त्यासाठी ती आतूनही चाळावी लागतात. प्रकाशकाची चांगली जिरली पाहिजे. आजच्या काही चिठ्ठ्या उतरवून ठेवतो:

‘मुलगी शाळा बुडवून तीन दिवस गटाराच्या पाइपात राहते. शेवटपर्यंत एकही मोठा माणूस तिला शिक्षा करत नाही.’

‘माहितीपर म्हणे! पोटातल्या वायूवर सतरा पानं, चित्रांसह. पान अकरा तर अत्यंत किळसवाणं.’

‘मुख्याध्यापक दोनदा खुर्चीवरून पडतात. दुसऱ्यांदा पडण्याचं कथेत काहीही कारण नाही.’

लिहिताना हात काय चालतो! बाईंनी विचारलं, चिठ्ठ्या नंतर काढायच्या का? बजावलं, एकीलाही हात लावायचा नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार.
आज एका बैठकीत अठ्ठावन्न. काम फत्ते. पसंत एकोणचाळीस: वक्तशीरपणावर चार, दातांच्या निगेवर दोन, धातूंचे उपयोग, वगैरे. गोष्टी अकरा, सगळ्यांत शेवटी आळशी मुलाला पश्चात्ताप होतो. नापसंत एकसष्ट. पसंतांचं कपाट दाराशी, नापसंतांचं कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या कपाटावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: नाकारलेली.

१४ ऑगस्ट, शुक्रवार.
बालविभागात सोळा मुलं! एरवी तिथे पंखासुद्धा लावत नाहीत. हिला येऊन सांगितलं. हिने फक्त हं केलं.

१८ ऑगस्ट, मंगळवार.
नाकारलेल्यांचं कपाट अर्ध्याहून रिकामं. बाईंनी परत पाठवायला सुरुवात केलेली दिसते. सुधारणा आहे. पसंतांचं कपाट मात्र गच्च, एक पुस्तक इकडचं तिकडे नाही. मुलं वाचून जागच्या जागी ठेवतात. याला शिस्त म्हणतात. बाई रजिस्टर घेऊन काहीतरी दाखवायला आल्या होत्या. म्हटलं, कारकुनी तुमची तुम्ही बघा.

२१ ऑगस्ट, शुक्रवार.
फाटकाशी चार पोरांनी गाठलं. चिठ्ठ्या लिहिणारे आजोबा तुम्हीच का, आणखी कधी लिहिणार, म्हणून विचारत होती. एकाने तर पाया पडायचं बाकी ठेवलं. पिढी वाटते तितकी वाया गेलेली नाही.

घरी नात कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन खिदळत होती. कोणतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्ही वाचलंय ते. बरोबर आहे, शंभरही मीच वाचली आहेत. पण पसंत पुस्तकांत हसण्यासारखं काही असल्याचं आठवत नाही.

२५ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ४.
जिंकलो! नातीच्या दप्तरात ‘वक्तशीरपणाचे फायदे’, भाग पहिला. तिने स्वतः नेलं, कुणी सांगितलं नव्हतं. हिला दाखवलं, सूनबाईला दाखवलं, इस्त्रीवाल्यालाही दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. पोरगी नाव काढणार.

संकल्प: बैठकीत पुढच्या वर्षीची निवडही माझ्याकडेच मागायची. भाषण तयार करतो.

३१ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ६.
बैठक झाली. भाषणाला वेळ मिळाला नाही.

चिटणीसांनी रजिस्टर उघडलं. नाकारलेली एकसष्ट पुस्तकं महिन्यात दोनशे बारा वेळा गेली. पसंतीची एकोणचाळीस मिळून एकदा. मी म्हटलं, रजिस्टर उलटं लिहिलंय. तेव्हा बाईंनी माझ्या चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. हाताळून हाताळून फडक्यासारख्या मऊ झालेल्या. मुलं म्हणे कोपऱ्यातल्या कपाटाशी बसून आधी चिठ्ठ्या वाचतात आणि मग पुस्तकावरून भांडतात. वायूच्या पुस्तकाचं पान अकरा सुटून आलं आहे.

ठराव: एकसष्ट ठेवायची, एकोणचाळीस परत. यापुढे निवड बाई आणि मुलं करतील. माझं काय, असं मी विचारलं.

चिटणीस म्हणाले, “तुम्ही आता नावं काढू नका. नावं ठेवा. ते तुम्हाला फार छान जमतं.”

सगळे हसले. बाई सगळ्यांत कमी हसल्या, हे मात्र नोंदवतो.

हरकत नाही. माझ्या लेखणीत ताकद आहे, असाच याचा अर्थ. शिवाय ते एक पुस्तक गेलंच होतं आणि ते कुणी नेलं हे मला ठाऊक होतं. घरी येऊन नातीला विचारलं, वक्तशीरपणा कसा वाटला?

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “आजोबा, ते मी वाचायला नाही आणलं. तुमचं एकही कुणी नेलं नसतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं ना.”

पुस्तक तिच्याकडून मागून घेतलं, खिडकीशी खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. आतून ते मीही कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या पानावर डोळा लागला.