मामाजींचा काटा आणि माझी लायब्ररी

४ नोव्हेंबर
मोहाडीला सासुरवाडीत येऊन महिना झाला. नागपूरची नोकरी मीच सोडली. कंपनीचा मेल फक्त आधी आला. आज सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, त्यांच्या राईस मिलमध्ये बोलावलं. म्हणाले, "जवाईबापू, पोतं काट्यावर ठेवलं का वजन सिदं कंपुटरात आलं पायजे. जमलं तं हापिस तुमचं. नाही तं दुसरीकडे काम पाहा."
मी म्हटलं, दोन दिवस.
काट्याचे आकडे वाचणारी लायब्ररी, म्हणजे कोडचा संच, इंटरनेटवर फुकट आहे. तयार फाइलही मिळते, एका क्लिकवर. शी! तयार मालाची मला किळस आहे. सोर्स कोड घेऊन स्वतः कंपाइल करणार, म्हणजे चालणारी फाइल मीच बनवणार. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर. टीनाने विचारलं, मिलमध्ये मॅक कोणाकडे आहे? बायकोला काय सांगणार. दृष्टी लागते.

५ नोव्हेंबर, सकाळ
सोर्स उतरवला. सोबत सूचनांची फाइल. वाचली नाही. त्या नवशिक्यांसाठी असतात.

दुपार
सुरुवातीलाच एरर. हिला म्हणे आधी दुसरी लायब्ररी हवी. ती आणली. तिला तिसरी हवी. शिसारी आली. कोणालाच स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही.
सासूबाईंनी जेवायला हाक मारली. जेवलो. झोपलो.

७ नोव्हेंबर
काल काही झालं नाही. लाइट नव्हती. दुपारनंतर होती, पण मूड गेला होता. मिलचा कोंडा लॅपटॉपमध्ये शिरतो, बटणं करकर वाजतात. नाकातही कोंडा. या घाणीत माणसाने विचार कसा करायचा? उद्यापासून पाचला उठणार.

८ नोव्हेंबर
साडेनऊला उठलो.
लिनक्सवर कंपाइल झाली! मग लायब्ररी नीट चालते का ते तपासणाऱ्या टेस्ट चालवल्या. निम्म्या नापास. प्रत्येकीचं एकच रडगाणं: काटा सापडला नाही. अरे, काटा समोर आहे, म्हशीएवढा! असल्या आंधळ्या टेस्ट कोण लिहितं? सगळ्या बंद केल्या. उरलेल्या शंभर टक्के पास. काम जवळपास झालं, असं मामाजींना कळवलं. त्यांनी स्वतः चहा मागवला.

१० नोव्हेंबर
विंडोज. स्क्रीनभर लाल अक्षरं, बघवत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्याला कडक शब्दांत कळवलं की आपला कोड सदोष आहे. उत्तर आलं: सूचनांची तिसरी ओळ वाचा. काय उद्धट माणूस! तिसरी ओळ वाचली. संध्याकाळी कंपाइल झाली. श्रेय माझ्या चिकाटीला. टेस्ट इथेही तशाच रडल्या. तशाच बंद केल्या.
मॅक राहिला. नागपूरच्या ऑफिसातल्या अंकुशकडे आहे. फोन उचलत नाही. जळतो.

१२ नोव्हेंबर
आज मुहूर्त. करडी गावचे भैय्यालाल हे मामाजींचं जुनं गिऱ्हाईक, पहिलं धान त्यांचं. सासूबाईंनी कंप्युटरला कुंकू लावलं. पोतं काट्यावर चढलं. स्क्रीनवर शून्य. दुसरं पोतं. शून्य.
भैय्यालाल म्हणाले, "काहून जी, माह्या पोत्यात का हवा भरली हाये?"
मामाजींचा चेहरा लाल. स्वतः काट्यावर चढले. शून्य. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मामाजी उतरले आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर
टीना सकाळी मला मिलमध्ये घेऊन गेली. काट्याच्या मागे वाकून म्हणाली, "याची वायर कुठं लावली तुमी?"
मी सांगितलं, हार्डवेअर माझं क्षेत्र नाही.
मग मीही वाकलो. वायर नव्हती. वायर लावायला जागाच नव्हती. जुना काटा. आकडा दाखवतो, बाकी काही नाही. किळसवाणी वस्तू. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर
नवीन काटा यंदा नाही, असं मामाजींनी टीनाला सांगितलं. मला काट्याजवळ स्टूल दिलं. आकडा दिसला की मी ओरडायचं, टीनाने हापिसात बसून टाइप करायचं. ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत उभे. दुपारपर्यंत माझा घसा बसला.
टीना आतून म्हणाली, "जोरानं सांगा ना जी, आयकूच नाही येऊन राहिलं."