एका नंबरावरची एकतीस नावं

२ डिसेंबर

वाहिदभाईंचं चॅनल गेलं! महजबीनकडे ब्लाउज आणायला गेले, तर शिलाई मशीन बंद, आणि तिचा नवरा ओट्यावर फोन हातात धरून बसलेला. शेजारी क्लॅरनेटची पेटी. शहाद्यात बँडवाले पुष्कळ, पण क्लॅरनेट वाजवावा तर वाहिदभाईंनीच — आपली अहिराणी लग्नाची गाणी, आणि वर सातपुड्यातल्या होळीच्या चालीसुद्धा. तरुणपणी धडगावकडच्या लग्नांना जाऊन जाऊन शिकलेत. डीजे आले आणि वरातीची बोलावणी आटली. तेव्हापासून चार वर्षं बिचारे घरात वाजवून ते फोनवर टाकत होते. आता कुठल्याशा कंपनीनं एका चालीवर हक्क सांगितला म्हणे, आणि सगळंच पुसलं गेलं.

"ताई, अडतीस हजार लोके व्हतात मन्हा!"

"कोण कोण?" मी विचारलं.

"मले काय माहीत? लोके म्हंजे लोके."

एकाचं नाव माहीत नाही! एकाचा नंबर नाही! मी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते, गावातल्या निम्म्या घरांचे जुने नंबर अजून तोंडपाठ आहेत. हे ऐकून ब्लाउज तिथेच विसरले.

३ डिसेंबर

अडतीस हजार माणसं. कुठे बसून ऐकत असतील? काय करता करता? डोक्यातून जात नाही.

५ डिसेंबर

ठरलं. जाडजूड वही आणली, रकाने आखले — नाव, गाव, फोन नंबर, आणि चौथा रकाना खास माझा: "ऐकताना काय करत असता?" वाहिदभाईंनी चार माणसांसमोर वाजवायचं, मी नावं उतरवून घ्यायची, आणि मग एकेकाला स्वतः फोन करायचा. मधे कोणाची कंपनी नाही, कोणी पुसणारा नाही.

हे हसले. म्हणजे आमचे रतिलालशेठ. "निवृत्त झालीस की तुझी बदली झाली?" घरात आम्ही आमची गुजरी बोली बोलतो, पण टोमणा मारायचा असला की हे मराठीत येतात.

९ डिसेंबर

सारंगखेड्याची यात्रा. घोडे बघायला ही गर्दी! लगामाच्या दुकानाशेजारी जागा मिळाली. वाहिदभाई आधी लाजले. चॅनलवर भिंतीकडे तोंड करून वाजवायची सवय. पण दोन गाण्यांनंतर रंगात आले. लोक थांबायला लागले. मी वही पुढे करायची आणि नाव लिहिणाऱ्याला एक पेपरमिंट द्यायची.

पेपरमिंट ही घोडचूक. घरी येऊन बघते तर कॉलेजच्या टोळक्यानं एकाच नंबरावर आठ नावं लिहिलेली. त्यात एक नाव यात्रेतल्या घोड्याचं! आठही नावांवर लाल रेघ मारली. एक नंबर, एक माणूस — यापुढे हाच नियम. चांगली नावं उरली पंच्याऐंशी.

१२ डिसेंबर

आजपासून फोन. "नमस्कार, शहाद्याहून प्रमिला पाटील बोलतेय, वाहिदभाई क्लॅरनेटवाल्यांकडून." माझा जुना ऑपरेटरचा आवाज आपोआप लागला! निम्म्यांना वाटलं बँकेतून आहे, कर्ज देतील. पण मी स्पीकर लावून वाहिदभाईंना पुढे बसवलं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली की पलीकडे सगळं गप्प व्हायचं.

चौथा रकाना भरतोय! एक जण दाढी करताना ऐकतो, म्हणजे दुसऱ्याची, त्याचं सलून आहे. एक बाई कापूस वेचताना कमरेला फोन खोचते. कारखान्यातल्या एका बॉयलरवाल्याला मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, तरी तो लावून ठेवतो. का? विचारायचं राहिलं. उद्या परत फोन करते.

१३ डिसेंबर

बॉयलरवाला म्हणाला, "ऐकाले नही ये, पन चालू शे हाई माहीत ऱ्हास ना."

२४ डिसेंबर

आता लोकच फोन करतात! संध्याकाळी सहा ते सात ही वेळ सांगून ठेवली आहे. वाहिदभाई पावणेसहालाच येऊन बसतात, चहा घेतात, ओठ ओले करतात. आज एक शेतकरी: "बाई, केळी काटी ऱ्हायनू, हात चिकवरी भरेल शेतस. बायकोनी फोन धरेल शे. ते होळीनं वाजाडा ना आखो!" होळीचं परत वाजवलं. पलीकडे त्याची बायको हसत होती. का हसत होती कोण जाणे, पण वाहिदभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, चार वर्षांत अंगठे फार बघितले, हसणं पहिल्यांदा ऐकलं.

६ जानेवारी

धडगावचा बाजार. बांगड्यांच्या दुकानापुढे बसलो. वाहिदभाईंनी होळीची चाल धरली आणि बाजारच सरकून आमच्याकडे आला! पेपरमिंट नाही, काही नाही, तरी अठ्ठावन्न नावं. बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. ते नाव सांगायचे, नंबर पाठ म्हणायचे, मी लिहायची. दगूबाई नावाच्या म्हातारीनं तर माझ्या हातातलं पेन थांबवून वाहिदभाईंना विचारलं, "तू मेला नाय काय अजून? माझ्या पोरीच्या लग्नात वाजवलेलं तू!" तिकडे सगळ्यांना 'तू'. वाहिदभाई इतके खूश की परतीच्या घाटात गात होते.

८ जानेवारी

फसवलं! डोंगरावरच्या लोकांनीसुद्धा! अठ्ठावन्नपैकी एकतीस नावांपुढे एकच नंबर, शेवटी ४७. बाजारात घाईघाईत माझ्या लक्षातच आलं नाही. फोन लावला. सकाळपासून लागेना, अखेर अडीचला लागला. कोणी दलसिंग.

"दगूबाई आहेत का?"

"नाय. पण तू बोल ना बाई, काय निरोप?"

"जान्या आहे का?"

"तो पण नाय. बोल, काय निरोप?"

"लोटन?"

"नाय. तू सांग ना."

मी फोन ठेवला. एकतीसच्या एकतीस नावांवर लाल रेघ. दगूबाईच्या नावावर सगळ्यात शेवटी मारली. ती बाई खोटी वाटली नव्हती. पण नियम म्हणजे नियम. खरी नावं एकूण एकशे बारा.

२० जानेवारी

महजबीन आज रडली. तिचा भाऊ सूरतला आहे, कापडाच्या दुकानात. वाहिदभाईंना बोलावतोय. रमजानच्या आधी या, कायमचे या. क्लॅरनेटचं काय, विचारलं तर वाहिदभाई म्हणाले, "तठे कोन ऐकी? पेटीमा ऱ्हाई."

मला इतका राग आला! कोणावर ते कळेना. शेवटी बोलाचाली होऊन असं ठरलं — आठ फेब्रुवारीला, रविवारी चार वाजता, मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये एक कार्यक्रम करायचा. वहीतल्या प्रत्येकाला बोलवायचं. "लोके उनात ते ऱ्हासू," ते म्हणाले, "नही ते बारा तारखेले जासू." लोक आले तरच राहणार; तिकीट काढूनच ठेवलंय.

दीडशे खुर्च्या. फुकट म्हटल्यावर नुसतं बसायला येणारे पुष्कळ, म्हणून दारावर वही ठेवायची, नाव असेल त्यालाच आत. दारावर हे. यांच्यापुढून मुंगीसुद्धा नाव सांगितल्याशिवाय जाणार नाही.

२९ जानेवारी

एकशे बारा फोन पूर्ण. "येसू, येसू" सगळेच म्हणतात.

का कोण जाणे, दुपारी ४७ लाही एक फोन केला. दलसिंगच. "काय निरोप?" मी फटकन सांगितलं, "आठ तारखेला चार वाजता शहाद्यात वाहिदभाई वाजवणार आहेत. हाच निरोप!" आणि ठेवला. निदान खोटारड्याला कळू दे काय हुकलं ते.

७ फेब्रुवारी

खुर्च्या लावल्या. दीडशे. उगाच परत मोजल्या.

८ फेब्रुवारी

त्रेचाळीस.

सलूनवाला आला, बॉयलरवाला आला, केळीवाला बायकोला घेऊन आला — ती अजून हसतेच आहे. बाकी कोणाकडे ऊसतोड, कोणाकडे लग्न. मी पुढच्या रांगेत बसले, म्हणजे मागच्या रिकाम्या खुर्च्या मला दिसणार नाहीत. वाहिदभाईंना मात्र समोरून त्याच दिसत होत्या.

वाजवलं छान. खरं सांगायचं तर इतकं छान मी ऐकलं नव्हतं. होळीची चाल लागली तेव्हा बाहेरून मोठी किलकारी आली, वरात चालली असावी. वाहिदभाईंनी खिडकीकडे बघितलं आणि ती चाल उगाच लांबवली. शेवटचं गाणं संपलं, पेटी बंद केली, कडी लावली. मला म्हणाले, "ताई, तू भलती मेहनत करी." एवढंच. हरले मी.

९ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना हे सहज म्हणाले, "काल दारावर बरीच माणसं परत पाठवावी लागली. दोन जीपा भरून आली होती. वहीत नावं होती, पण सगळी लाल रेघेची. लाल रेघ म्हणजे नाही, तूच सांगितलं होतंस."

मी विचारलं, भांडली का ती?

"नाही. जीपवाला म्हणाला, बाहेरून पण ऐकू येते. मग भिंतीला टेकून बसली सगळी. घाट उजेडी चढायचा म्हणून शेवटच्या गाण्याला उठून गेली. एक म्हातारी होती, ती मधेच ओरडली, मी गप्प केलं तिला."

मी ओरडले यांच्यावर! मग आठवलं, रेघा माझ्या होत्या.

४७ लावत बसले. बंद, बंद, बंद. अडीचला लागला.

"हां बाई, बोल. काय निरोप?"

"निरोप नाही, माफी मागायची आहे. दलसिंग, तुझ्या एकट्याच्या नंबरावर एकतीस नावं कशी?"

तो विचारातच पडला, हिला एवढंसुद्धा कसं माहीत नाही. "आमच्या पाड्यात रेंज नाय ना बाई. माझी जीप अडीचला धडगावात उतरते, तेव्हा फोन लागते. मग दवाखान्याचा, शाळेचा, पाहुण्यांचा, सगळा निरोप मीच घेऊन जाते. सगळे माझाच नंबर देते. तुझा निरोप पण मी सात पाड्यात सांगला. येणारे लय होते, जीपा दोनच."

पीपी नंबर! अगं बाई, पीपी नंबर! आमच्या काळी गल्लीत एकाच घरी फोन असायचा, आणि सगळी गल्ली लग्नपत्रिकेवर त्याचाच नंबर छापायची, पुढे 'पीपी' लिहून. रोज पन्नास वेळा मी म्हणत होते — शेजारच्या अमक्यांना जरा बोलावता का? आणि मीच रेघा मारल्या! पस्तीस वर्षांची नोकरी पाण्यात घातली. लाज वाटली, फार लाज वाटली.

१० फेब्रुवारी

वाहिदभाईंकडे गेले. बॅगा भरलेल्या. सगळं सांगितलं, रेघांसकट. शिव्या घालतील वाटलं.

बॅगेवरच बसले. मग म्हणाले, "ती किलकारी त्यासनी व्हती?"

"हो. दगूबाईची."

"मले वाटनं वरात शे." मग विचारलं, "कितला व्हतात?"

"दोन जीपा. सात पाड्यांतले लोक यायला बघत होते."

उठले. भरलेल्या बॅगेतून क्लॅरनेटची पेटी काढली. सगळ्यात खाली ठेवली होती, सगळे कपडे परत बाहेर आले. "त्या बाहेर बसनात मन्हासाठे," म्हणाले, "आते मी जासू वर. मंग देखू सूरतनं." महजबीननं मफलर आणून दिला, "ऊपर ठंड है, लेके जाव." बारा तारखेचं तिकीट खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात आहे. मी डोळ्यांनी बघितलं, पण विचारलं नाही.

अडीचला दलसिंगला निरोप दिला. या वेळी नीट बोलून.

१३ फेब्रुवारी

दलसिंगच्या पाड्यावर. काल तिकिटाचा दिवस गेला. येत नाही असं सूरतला कळवायचंय, पण इथे रेंज नाही. उद्या अडीचला धडगावात उतरलो की वाहिदभाई स्वतः लावणार आहेत.

अंगणात मुंगीला शिरायला जागा नाही. दगूबाई सगळ्यात पुढे. मी मागच्या जीपनं उशिरा पोचले, मला कुडाबाहेर बसावं लागलं. बाहेरूनही ऐकू येतं.