थोरलीची चार मिनिटं

आदरणीय दादांना, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

वहिनींची कंबर आता कशी आहे? तुमच्या दाढेचंही ऐकलं. ती काढू मात्र देऊ नका. डॉक्टर काढेल, तिथे नकली बसवेल, आणि ती नकली दाढ माझ्यासारख्याच कुणीतरी जेवणानंतर पेंगत पेंगत बनवलेली असेल. (धंद्याची निंदा करत नाही. एकवीस वर्षं कवळ्या बनवतोय. खोटं खऱ्यासारखं दिसावं, एवढंच आमचं काम.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण फोन अण्णांच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे आणि अण्णांचे कान अजून शाबूत आहेत.

तर अण्णांनी आठ दिवस खोली सोडलेली नाही. दाढी नाही, जेवण म्हणजे दोन घास. थोरली पडली. तुम्ही गेलात तेव्हा तिचा नुसता लाकडी सांगाडा होता. पुढे ती, अण्णा ज्या विमानवाहू जहाजावर मेकॅनिक होते, तिथल्या जुन्या हल्ला-विमानाची हुबेहूब प्रतिकृती झाली, रिमोटवर उडणारी. सात फुटी पंख, वर दुमडणारे. शेपटीखाली जहाजावर उतरताना दोर पकडायचा आकडा. (मूळचं विमान वजनाने भारी, सुरू होताना कुरकुरणारं, पण अंगाला भोकं पडली तरी माणसाला घरी आणणारं, म्हणून सगळे त्याला थोरली म्हणत. हे मी आमच्या लग्नाच्या दिवशी सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्याच, तोंडून तीनदा ऐकलं, एकदा फोटोसाठी श्वास रोखलेला असताना.) आत अंगठ्याएवढा लाकडी वैमानिक. त्याचा चेहरा कुणाचा, हे तुम्हाला सांगायला नको. अण्णांनी ज्याचे पट्टे शेवटचे आवळले आणि जो परत आला नाही, त्याचा. चौकशीत मेकॅनिकांचा दोष निघाला नाही. अण्णांनी मात्र तो निकाल कधी मानला नाही.

थोरली रंगून तयार झाली आणि त्याच महिन्यात अण्णांच्या हातांची थरथर सुरू झाली. आमटीची वाटी तोंडापर्यंत पोचेना, विमान कसं पोचणार? मग रिमोटच्या दुकानदाराने सुचवलं की शिकाऊ लोकांसाठी दोन रिमोट जोडता येतात. एक शिकणाऱ्याकडे, एक शिकवणाऱ्याकडे, आणि कुणाचं चालेल ते ठरवणारा खटका शिकवणाऱ्याच्या रिमोटवर. आम्ही घरच्यांनी अण्णांना न सांगता ठरवलं की खटका माझ्याकडे, आणि चालेल तेही माझंच. मी तीन महिने गुपचूप शिकलो. चार थर्माकोलची विमानं संपवली. एक पाण्याच्या टाकीत गेलं. एक शेजारच्या गच्चीवरून हेडमास्तरांचा बनियन घेऊन आलं आणि तो परत करायला मलाच जावं लागलं. तुमच्या आई म्हणाल्या, "तुम्ही आणि ते मिळून एक धड माणूस झालात तरी पुष्कळ."

झालो. सात महिने, दर रविवारी, बंद कारखान्यामागच्या मैदानात अण्णा पुढे रिमोट घेऊन, आणि मी चार पावलं मागे, जाकिटाखाली दुसरा घेऊन. (भर उन्हाळ्यात जाकीट. लोक मला थंडीताप आहे असं समजत.) अण्णांना जहाजावरची सवय, करायचं ते आधी मोठ्याने म्हणायचं. ते "उजवं वळण" म्हणाले की मी उजवीकडे वळवायचो. "वर" म्हणाले की वर. बघणारे टाळ्या वाजवत, आणि अण्णा दिसामाशी तरुण व्हायला लागले. दाढी स्वतः करायला लागले. हनुवटीवर कापसाचे बोळे चिकटवून फिरत, पण स्वतः केलेली. एकदा मला म्हणाले, "जावईबापू, हातात काही असलं की हात ऐकतात बघा."

गेल्या रविवारी थोरली उठली, पहिलं वळण झालं, दुसरं झालं. चौथ्या मिनिटाला अण्णा म्हणाले, "डावं वळण, आता उतरायचं." आणि ती इतकी अलगद वळली की मला माझंच कौतुक वाटलं. असं वळण मला एकदाही जमलं नव्हतं. कौतुक ओसरल्यावर शंका आली. वाकून जाकिटात बघितलं तर खटका अण्णांच्या बाजूला. माझ्याच जाकिटाचं बटण त्याला अडकलेलं, बहुधा पहिल्या वळणापासून. म्हणजे विमान अण्णा उडवत होते, एकटे, त्याच थरथरत्या हातांनी, आणि मी मागे उभा राहून नुसते दांडे हलवत होतो. शहाण्याने अशा वेळी हाताची घडी घालून उभं राहावं. मी घाबरलो आणि खटका माझ्याकडे ओढला. वाकताना माझा इंजिनाचा दांडा पार खाली गेला होता, म्हणजे इंजिन बंद. थोरली तिथल्या तिथे नाकावर उभी राहिली आणि भिंतीच्या पायथ्याशी गेली. वैमानिकाचं डोकं आम्हाला सापडलं नाही. तुमची बहीण अंधार पडेपर्यंत गवत चाळत होती.

अण्णा एवढंच म्हणाले, "दुसऱ्यांदा पाडला मी त्याला."

आता माझी पंचाईत बघा. मी पाडलं म्हणून सांगावं, तर तोपर्यंतची सगळी उड्डाणं कुणाची, हे ते लगेच विचारणार. न सांगावं, तर माझी चूक त्यांच्या छातीवर. दोन घास जेवणारा माणूस किती दिवस काढतो हे डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही. रात्री तुमची बहीण माझ्याकडे पाठ करून झोपते. तिचं म्हणणं, मला बोलायला वाचा आहे. माझं म्हणणं, आहे, पण ती दिवसभर गिऱ्हाइकांना बोलतं करणाऱ्या कवळ्यांत खर्ची पडते. (हे मी तिला म्हणालो नाही.)

थोरामोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. खरं काम आता लिहितो. तुम्ही अण्णांना फोन करा आणि त्या बनावटीच्या बॅटऱ्या हवेतच दगा देतात असं तिकडच्या पेपरात वाचलं, म्हणून सांगा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, आणि तुम्ही लांब असल्यामुळे तुमचा चेहरा त्यांना दिसणार नाही.

ता. क. २. फोन करू नका. पत्र दोन दिवस खिशात राहिलं आणि काल मी सगळं सांगून बसलो. अण्णांनी शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "शेवटचं वळण कुणाचं?" मी म्हटलं, "तुमचं." "नक्की?" म्हटलं, "मला ते येत नाही, अण्णा." मग उड्डाणांची वही मागितली. पट्टी धरून एकेक रविवार खोडला. अर्धा तास लागला. पट्टी मी धरतो म्हटलं तर धरू दिली नाही. खाली लिहिलं, "चार मिनिटं. स्वतः." अक्षर लागत नाही, पण तेच लिहिलंय. नंतर पोळी मागितली. माझ्याशी बोलत नाहीत. मी जावईबापू होतो, आता "अहो" झालोय.

ता. क. ३. ते थोरली पुन्हा बांधायला बसलेत. डॉक्टर म्हणतात, हात चार महिने चालतील, फार तर पाच. बांधायलाच तीन जातील. उडवताना मागे कुणी उभं राहायचं नाही असं त्यांनी बजावलंय. पण दूर गेलेलं विमान आता त्यांना नीट दिसत नाही, ते कुठे आहे हे सांगायला शेजारी कुणीतरी लागेल. मी त्यांना चालणार नाही. तुमचं नाव त्यांनी स्वतः काढलं. दादा, या. रजेचं काय ते बघा, पण या. आणि येताना कुणासाठी काहीही आणू नका. हल्ली खोलीत येणाऱ्याचे हात ते आधी बघतात, दुसरा रिमोट नाही ना म्हणून. आज सकाळी आईंना चहाचा कप खाली ठेवून दोन्ही पंजे उघडून दाखवावे लागले.