ड्रम थांबले तेव्हा

प्रिय भोंगू,

पत्र बघून दचकू नकोस. घर जागेवर आहे आणि मी घरात आहे. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसतं ‘हं’ आणि ‘बघू’ एवढंच बोलतेस, आणि हल्ली मला तेही धड कळत नाही. शिवाय कागदावर तुला ‘आई, गिऱ्हाईक आलंय’ म्हणून मध्येच पळता येत नाही. त्या चष्म्याच्या दुकानात मी फोन केला की बरोबर गिऱ्हाईक येतं, हे मला कोडंच आहे. अख्ख्या गावाला एकदम चाळिशी लागली की काय!

तुझा सॅक्सोफोन माझ्या पलंगाखाली आहे. ठेवून गेलीस त्याला दोन वर्षं होत आली. तू त्याचं नाव काढलं नाहीस, म्हणून मीही काढलं नाही. आज काढणार आहे. रागावलीस तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तो घरात आला तो दिवस तुला आठवतो? क्लबच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकाने दात पडल्यावर विकायला काढला होता. तुझे बाबा जन्मभर नळदुरुस्ती केलेले. एवढी वाकडी नळी, तिच्यावर एवढी भोकं आणि झाकणं बघून त्यांना घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. तू गाल फुगवून फुंकलंस आणि नुसती हवा निघाली. बाबा म्हणाले, ‘गळतंय.’ खिडक्या लावून त्यांनी आत एक बारका बल्ब सोडला आणि झाकणांच्या कडेने जिथे जिथे उजेड फुटला तिथे खडूने खुणा केल्या. चार दिवस ते त्या खुणांमागे लागले होते, आणि स्वयंपाकघरातला नळ मात्र तेवढे दिवस ठिबकत राहिला. मग तू पुन्हा फुंकलंस. समोरचे काका कारखान्याचा भोंगा झाला समजून डबा घेऊन बाहेर आले. तेव्हापासून तू भोंगू.

मला तेव्हा वाटलं होतं, दोन महिन्यांचं वेड आहे, उतरेल. वेड कसलं उतरतंय! कॉलेजातल्या त्या गिटारवाल्या पोरांनी तुला रॉक बँडमध्ये घेतलं तेव्हा मी बाबांना म्हणाले, एवढ्या गोंगाटात हिचं ऐकणार कोण? पहिली कितीतरी वर्षं तसंच होतं. पोस्टरवर तुझा अर्धा खांदाच यायचा. एका गाण्यात चार ओळी वाजवायच्या आणि उरलेल्या वेळात कडेला उभं राहून मान हलवायची. खालच्या ओठाला आतून दातांचे व्रण पडायचे, गळ्यावर पट्ट्याचा लाल वळ असायचा, आणि गाडीत वाद्यांच्या पेट्यांवर झोपून तू घरी यायचीस ती भुतासारखी दिसायचीस. मी काही बोलायला गेले की तू सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची ती वेताची पट्टी ओली करायची म्हणून तोंडात धरून बसायचीस. तोंडात पट्टी, म्हणजे उत्तर द्यायला नको. मी आपली एकटीच भांडायचे.

आणि मग ते गाणं आलं. सुरुवातच तुझ्या सुरांनी होणारं. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर मी बसायचे, तिथल्या साहेबाला ते गाणं तुझं आहे हे काही ठाऊक नव्हतं. लोकांना थांबवून ठेवायला त्याने नेमकी तीच धून लावून दिली. किती लोक माझ्यावर खेकसले असतील, ‘बाई, ते पिपाणं बंद करा आणि डॉक्टरांना जोडा!’ मी गालातल्या गालात हसायचे. आणि कधी कधी, खोटं कशाला बोलू, मुद्दाम जरा उशिराने जोडून द्यायचे.

जावईबापू तुझ्या मागे बसून ड्रम वाजवायचे. मला आधी ते अजिबात आवडले नव्हते. जेवताना टेबलावर बोटं वाजवणारा माणूस, डाळ सांडणार नाही तर काय होणार! पण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं एकेक करून थांबतात, शेवटी ड्रमही थांबतात, आणि तू एकटी वाजवतेस, वाटेल तेवढा वेळ. मग तू एक सूर लांबवतेस, तीच ड्रमने परत यायची खूण. मी विचारलं, सूर नेमका कधी तुटणार हे तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, ‘आई, मी सूर ऐकत नाही, तिचे खांदे बघतो. श्वास संपत आला की ते खाली येतात. त्याच्या आधी मी ठोका देतो.’ त्या दिवशी मला जावई पसंत पडला.

त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी दुसऱ्या रांगेत होते. ड्रम थांबले, तू डोळे मिटून वाजवायला लागलीस. तू सूर लांबवलास. ठोका आला नाही. तुझ्या चेहऱ्यावर हसू आलं, मी पाहिलं. तुला वाटलं, तो थट्टा करतोय, आणखी वाजव म्हणतोय. तू पुन्हा श्वास घेतलास आणि असं काही वाजवलंस की लोक उभे राहिले. मीही उभी राहिले. पुन्हा लांब सूर, पुन्हा काही नाही, आणि तू परत सुरू. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, बाळ. मागे गिटारवाला धावला तेव्हासुद्धा मला वाटलं, हे खेळातलंच काही असेल.

नंतर तू एकदाच बोललीस. ‘आई, तो मागे पडला होता आणि मी वाजवत होते.’ डॉक्टर म्हणाले, पडायच्या आधीच सगळं संपलं होतं, लगेच वळून बघितलं असतंस तरी काही झालं नसतं. बँडची पोरं आली, समजावून गेली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला त्यांचा राग यायचा. कारण पटलं म्हणून दुःख कमी होतं असं कोणी सांगितलं यांना? तू दुकानात नोकरी धरलीस, मी अडवलं नाही. मनात म्हटलं, वेळ जाऊ दे. माझ्याकडे वेळ भरपूर आहे असं तेव्हा वाटत होतं.

गेल्या आठवड्यात मी तुझी पेटी उघडली. झाकणांखालच्या चामड्याच्या चकत्या वाळून कडक झाल्या होत्या. मी त्या एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून बदलून आणल्या. हल्ली मला त्या बाजूला वरचेवर जावंच लागतं. त्याने विचारलं, ‘हे वाजवणारं माणूस कुठे असतं?’ मी म्हटलं, चष्मे विकतं. तो हसला. मला हसू आलं नाही, रस्त्यावर येऊन मी रडले.

त्या बाजूला कानाचे डॉक्टर बसतात. माझा डावा कान लहानपणच्या आजारात गेला, हे तुला माहीतच आहे. एका कानावर मी सगळी नोकरी काढली. आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. ती तशीच ठेवली तर जिवाला धोका, आणि काढली तर ऐकू येणं तिच्याबरोबर जाणार, पूर्ण. डॉक्टरांनी काही लपवलं नाही, हे बरं झालं. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा समजून घे, हे पत्र तुझ्या भल्यासाठी लिहिलेलं नाही. तू पुन्हा बँडमध्ये जा, दुःख विसर, असलं काही मी म्हणत नाही. ते गाणंही नको. सरावाचे साधे सूर वाजव, बेसूर वाजव, मध्येच थांबून रड, चालेल. पण माझ्या खोलीत, माझ्या उजव्या बाजूला बसून वाजव. घरभर फिरून बघितलं मी, काय ऐकून ठेवावं म्हणून. दार वाजतं, भांडी वाजतात, गल्लीत पोरं ओरडतात, त्यातलं काहीच ठेवावंसं वाटलं नाही. तू म्हणतेस, तो पडला होता आणि मी वाजवत होते. बाळ, जाताना त्याच्या कानात तुझा सूर होता. मला त्याचा हेवा वाटतो.

जमेल तेवढ्या लवकर ये.

तुझीच,
आई