तुह्या मामीचं बोट

अमडापूर, बुधवार

आयुष्मती सुवर्णा,

मामाचा मनापासून जय भीम. पुण्यात तू खुशाल असशील, वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो (विचारलं तर तू हाव म्हणतेसच). इकडं मी बरा आहे. गुडघे आपल्या मर्जीनं चालतात, त्यायले कोणी काही म्हणत नाही.

पत्राचं कारण, तुहं ते ॲप. तू सांगतलं होतं की फोनची थरथर नव्यानं लिहा लागत नाही, तयार कोडची लायब्ररी असते, तिच्यातून हलका टोला, जोराचा टोला, लांब घरघर, पाहिजे ते उचलायचं आन ॲपात बसवायचं. मामा बोलून राह्यला हे फोननं ऐकायचं, लांबलं की खिशातल्या खिशात टोला द्यायचा. तुह्या कंपनीनं शाबासकी दिली असन तर ती परत मागत नाही. पण माह्यावर काय गुजरली ते ऐक.

गावात कोणाचंही पुण्यानुमोदन असो, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायले मलेच उभं करतात. सारी उमर एसटीत कंडक्टरकी केली, आवाज मागच्या सीटपर्यंत जाते. तुही मामी होती तव्हा माह्या मागंच बसायची आन लांबलं की पाठीत बोट टोचायची. एकदा टोचलं की थांबा. दोनदा टोचलं की उठा, घरी चला. ही आमची गाडीचीच बेल, लग्नाच्या नवलाईतच तिनं उचलली होती. लोकायले वाटे, केवढा मुद्द्यावर थांबते हा माणूस! मुद्दा तिच्या बोटात होता. ती वारल्यापासून माही गाडी थांब्यावर थांबत नाही. शेषरावच्या बापाच्या पुण्यानुमोदनात तर वरण थंडं झालं, आन वाढायले उभ्या विमलबाईनं शेवटी माईकची वायरच काढली. तव्हा तू हे ॲप धाडलं.

पहिला प्रयोग पुष्पाबाईच्या पुण्यानुमोदनात झाला. मी तिच्या लहानपणापर्यंत पोचलो न पोचलो तं छातीवरच्या खिशात अशी घरघर सुटली की मी छाती धरून खालीच बसलो. बाया रडू लागल्या. शेजारच्या प्रेमानंदनं मले ऑटोत घालून चिखलीले नेलं. डॉक्टरनं छातीवर हात ठेवून काय होते म्हणून विचारलं, मी सुरुवातीपासून सांगू लागलो (विचारलं तं सांगा लागते), आन फोन त्याच्या हाताखाली पुन्हा घरघरला. डॉक्टरचं तोंड पाह्यण्यासारखं झालं. मंग फोन सापडला. हृदय चांगलं आहे, बोलणं कमी करा, असं म्हणून त्यानं धाडून देलं.

घरी येऊन फोन मामीच्या फोटोजवळ ठेवला आन रोजच्यासारखं तिले दिवसाचं सांगू लागलो. तिथंही त्यानं घरघर लावली. टेबलावर सरकत सरकत फोटोले जाऊन भिडला, फोटो पालथा पडला. तव्हा मले राग आला, सुवर्णा. बाहेर मी जास्त बोलतो, कबूल. पण तिच्यासंग बोलतानीही मले कोणी थांबवावं काय? काच फुटली नव्हती. फोटो सरळ केला आन लय रडलो. तुह्यापासून काय लपवू?

जावईबापूले जय भीम सांग.

तुहा मामा,
निवृत्त कंडक्टर कचरू

ता. क. ॲप काढलं नाही. फक्त टोला बदलून दे. जोराचा लागला की पोलिसानं धरल्यासारखं वाटते, हलका तं समजतच नाही. मामीचं बोट आधी नुसतं टेकायचं, मंग टोचायचं (मले एक संधी द्यायची ती). असं तुह्या लायब्ररीत जमते काय पाह्य. शिलाईवाल्या धम्मशीलाकडून मी बनियनले पाठीमागून खिसा शिवून घेतला आहे. ती हसली, पण शिवून देला.

ता. क. दुसरा. घरात असलो की ते बंद राहू दे.

ता. क. तिसरा. वर जे लिहिलं ते पुरं खरं नाही. थांबता मले येते. पण थांबलं की घरी जा लागते. सतरंज्या उचलतात, भांडे घासून होतात, आन मी तिथंच बसून राहतो. एका टोल्याचं काम गावही करते, विमलबाई आहेच. तू दोन टोल्यांचं बसव, बाई. मंग मी उठीन.