पुढच्या खोलीचे काय करायचे

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, लग्न होऊन आल्यापासून राहणार याच घरात, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. सुईचे नेढे आता दिसत नाही, गुडघे कुरकुरतात, पण डोके जागेवर आहे. नसते तर गल्लीने एव्हाना मला तोंडावर सांगितले असते. मला कोणी फूस लावलेली नाही की धाक घातलेला नाही. मला धाक घालील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

गल्ली मला ‘टाचणी’ म्हणते. शिवताना टाचण्या ओठांत धरायची सवय, आणि बोलणेही त्याच जातीचे, म्हणून. ते नाव या कागदावर राहू द्यावे. नाहीतर हे मृत्युपत्र कोणाचे, याचा उलगडा कोणालाच होणार नाही.

कलम १. शिवणयंत्र, इस्त्री आणि दोन्ही कात्र्या माझ्या सुनेला द्याव्यात. तिने आजवर यंत्राला हात लावला नाही, कारण मी लावू दिला नाही. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मला पहिल्याच महिन्यात कळले होते. म्हणूनच लावू दिला नाही. मोठ्या कात्रीने कापडाखेरीज काही कापायचे नाही. कागद कापलात तर मला वर कळेल.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च साधेपणाने करावा आणि उरेल त्यात मागच्या खोलीचे गळके छप्पर दुरुस्त करून घ्यावे. माझ्या नावाची पाटी, बाक, पाणपोई वगैरे कोणी काही करू नये.

कलम ३. माझी वेताची खुर्ची कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शेठना द्यावी, पण ती बैठकीच्या जागीच ठेवावी. शेठ दुकानदारांच्या वतीने माझ्या पुढच्या खोलीत भरणाऱ्या आमच्या शेजार मंडळात येतात. इथल्या स्टुलावर बसणे त्यांच्या पाठीला मानवत नाही म्हणून ते घरून खुर्ची आणतात, आणि रागावले की खुर्ची उचलून चालू लागतात. भर रस्त्यातून डोक्यावर खुर्ची घेऊन निघालेला माणूस मनातून कितीही खरा असला तरी लोक हसतात. आता निदान हाती काही न घेता, ताठ मानेने रागावता येईल. त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण जितक्या वेळा गेले तितक्या वेळा परतही आले, हे मी विसरलेले नाही.

कलम ४. आता घर. मागे दोन खोल्या, पुढे एक. पुढची खोली सरळ रस्त्यावर उघडते, आणि सगळे घोडे तिच्यापाशीच अडले आहे. म्हणून तिची हकीकत आधी सांगते.

माझे यजमान गोदामात हमाल होते. गोदाम बंद पडले तेव्हा गल्लीतल्या कितीतरी चुली थंडावल्या. मी हमालांच्या संघटनेत गेले. ते म्हणाले, आमचेच हाल कुत्रा खात नाही. दुकानदारांकडे गेले, ते म्हणाले, गिऱ्हाईकच उरले नाही. धुणे धुणाऱ्या बायका म्हणाल्या, हमालांनी कधी आमची विचारपूस केली होती? शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुले उपाशी येतात, मी फळा पुसून देऊ का त्यांना खायला? जो तो आपल्या दारात आपले रडगाणे घेऊन बसलेला. एकत्र या म्हटले तर हमाल दुकानदारांच्या सभागृहाची पायरी चढायला तयार नाहीत, दुकानदारांना हमालांच्या अड्ड्यावर जायची लाज, आणि धुणेवाल्यांना तर कोणी बोलावलेच नाही. माझ्या पुढच्या खोलीत यायला मात्र कोणाची ना नव्हती. शिंपिणीकडे माप द्यायला सगळेच येतात.

पहिल्या बैठकीत इतका आरडाओरडा झाला की मी ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि सांगितले, “पुढच्या वेळी आपलं गाऱ्हाणं कोणी आपण मांडायचं नाही. दुसऱ्याच्या कामावर एक दिवस काढा आणि त्याचं मांडा.” तेव्हापासून मंडळात हीच रीत आहे.

हमालांचे पुढारी, त्यांना सगळे दादा म्हणतात, धुणेवाल्यांबरोबर दिवसभर राहिले. बायका जमिनीवर वाकून धुतात आणि त्यांची कंबर कामातून जाते, हे त्यांनी इतक्या कळकळीने मांडले की शेठनी सिमेंट दिले. हमालांनी नळापाशी मोठ्या हौसेने ओटे बांधले. बांधले ते आपल्या उंचीने. बायका विटांवर चढून धुवायला लागल्या तेव्हा त्यांची म्होरकी, जिला आम्ही तोफ म्हणतो, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दादा, कपडे धुवायचेत, वाळत घालायचे नाहीत!” आधी हमाल हसले, मग शेठ, मग दादा स्वतः. दुसऱ्या दिवशी तोफेला शेजारी उभी करून ओटे खाली घेतले. माझ्या मते मंडळ खरे त्या दिवशी झाले.

पुढे दुकानदार सगळ्यांसाठी एकत्र धान्य उचलू लागले, आया कामावरून येईपर्यंत शाळा उघडी राहू लागली, हमालांच्या रिकाम्या गाड्या परतताना धुण्याची गाठोडी आणू लागल्या. गल्लीत श्रीमंत कोणी झाले नाही. पण कोणाची चूल पेटली नाही तर ते कळते, आणि कळल्यावर कोणी गप्प बसत नाही.

कलम ५. माझा मुलगा पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. दुसऱ्याच्या जिन्याखाली बसून करतो, कारण पुढची खोली मंडळाने अडवलेली. तिथे आपले दुकान असावे असे त्याला वाटते, आणि त्यात गैर काही नाही. या महिन्यात आमचे बोलणे झाले.

“आई, मी अभ्यास केला तो मागे, डब्यावर वही ठेवून. पुढे सगळ्या गल्लीची दुःखं बसलेली. माझं कोण ऐकत होतं?”

“मी नव्हते का ऐकत?”

“ऐकायचीस. तोंडात टाचण्या धरून.”

मला ते फार लागले. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, आणि दोन्ही दिवस तो वेळेवर औषध देत राहिला.

त्याच आठवड्यात दादा आणि तोफ आले. दादा म्हणाले, “मावशी, खोली मंडळाच्या नावावर करून टाका. कायमची कटकट मिटेल.”

मी असे करत नाही. हे संपूर्ण घर, पुढच्या खोलीसकट, मी माझ्या मुलाला देते. अट कोणतीही नाही.

हे सांगितल्यावर दादांचा चेहरा उतरला. “मग मंडळ बुडालं म्हणायचं.”

“एका माणसाला पटवता येत नसेल तर बुडू दे,” मी म्हणाले. “शेठना कोणी कागद करून आणलं होतं का इथे? तुम्हाला आणलं होतं?”

मंडळाला मी खोली देत नाही, माझ्या मुलाच्या दारात जाऊन विचारण्याचे काम देते. जाण्याआधी कोणीतरी त्याच्यासोबत जिन्याखाली एक दिवस बसावे आणि त्याचे गाऱ्हाणे बैठकीत मांडावे. ते आजवर कोणी मांडलेले नाही, मीसुद्धा नाही. तो नाही म्हणाला तर नाही. त्याच्या माघारी कोणी त्याला नावे ठेवू नयेत; ठेवणाऱ्याने माझ्या अंत्ययात्रेला आले नाही तरी चालेल. जिवंतपणी मी या खोलीत कोणाला हुकूम सोडला नाही, विनवण्या मात्र पुष्कळ केल्या. मेल्यावर हुकूम सोडायचा, आणि तोही पोटच्या पोराला, हे मला जमणार नाही.

सही करण्याआधी हे कलम मी त्याला वाचून दाखवले. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, “बघतो. विचार करून सांगतो.”

या मंडळात आजवर जो जो आला, तो पहिल्या दिवशी हेच म्हणून गेला होता.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर

सही : टाचणी

आमच्यासमक्ष सही झाली, म्हणून साक्ष :
१. तोफ, धुणेवाल्यांच्या वतीने
२. दादा, हमालांच्या वतीने (नाराज आहे, पण सही माझीच)