आखाजीला दुखणारी पाठ

प्रिय डिंपल,

फोनवर आबांचं नाव निघालं की तू ‘दादा, कुकर लावलाय’ म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. ते वाचून बाजूला ठेवलंस तरी निदान घरात राहील. धुळ्यात ऊन कसं आहे? इथे पिंप्राळ्यात दुपारी दवाखान्यात मी आणि कूलर, दोघंच असतो. संध्याकाळी मात्र गर्दी होते. केळीचे घड वाहणारे, दिवसभर मोटारसायकलवर फिरणारे, मोबाइलमध्ये मान घालून बसणारी कॉलेजची पोरं. सगळ्यांना तेच सांगतो: ओझं उचलताना कंबरेत नाही, गुडघ्यात वाका, ते अंगाशी धरा, बसून काम असेल तर मधूनमधून उठून चार पावलं टाका, सकाळी झटकन उठू नका, आधी कुशीवर वळा. या दुखण्याच्या आधी करायच्या गोष्टी. लोक मान डोलावतात आणि दुखल्यावरच येतात. नवलरावांनाही सांग, कॉम्प्युटर डोळ्यांच्या समोर येईल इतका उंच ठेवा म्हणावं.

हे सगळं मी कॉलेजात शिकलो. पण आपल्या असोद्यात पाठीची खरी डॉक्टर तू होतीस. पायाकडून जन्मलीस, पायाळू! कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आपल्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि तू फ्रॉक सावरत डावा पाय टेकवायचीस. हिलालनाना ओरडायचे, ‘हयू वं माय, मणका काढून नेशीन!’ आणि तू त्यांच्याकडून लिमलेटची गोळी वसूल करायचीस. फिजिओथेरपी शिकून आल्यावर मी घरात पहिल्यांदा काय सांगितलं असेल, तर याला काही आधार नाही. आजही तेच सांगेन. आखडलेला स्नायू बहुतेक वेळा आपला आपणच सुटतो आणि नाव पायाचं होतं.

तू तुझ्या मनाने नवलरावांशी लग्न केलंस, आबांनी घरात तुझं नाव काढणं बंद केलं, आणि मायची पाठ दुखायला लागली. हे तुला कधी सांगितलं नाही. मी हात लावला की ती कण्हायची. तपासलं, फोटो काढला, काही सापडेना. ती म्हणायची, ‘तुह्या मशीनले काय समजते? पायाळूचा पाय लागला का मोकळी होईन मी.’ ओसरीवर बसलेल्या आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आबा पेपर उलटायचे. मी कंबरेचा पट्टा आणून दिला, व्यायाम शिकवले. चार दिवसांनी पाठ बरी व्हायची आणि मला वाटायचं, उपाय लागू पडला.

गेल्या वर्षी एकदा न सांगता गेलो, तर माय मोरीतून भरलेला हंडा उचलत होती. गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून, एकाही पेशंटला जमत नाही इतकं नीट. मला पाहिलं आणि हंडा खाली ठेवून कण्हायला लागली. मला हसू आलं, आणि मग घरी परतताना रस्ताभर तारखा जुळवत गेलो. मायची पाठ आखाजीच्या आधी दुखते, नाहीतर दिवाळीच्या आधी. आळीतल्या लेकी माहेरी यायला लागतात, तेव्हाच. पेशंटला मी सगळ्यात आधी विचारतो, कधी दुखतं? मायला ते विचारलंच नव्हतं. कळल्यावर तरी आबांशी बोलायला हवं होतं. त्यांचा रक्तदाब, घरातली शांतता, अशी कारणं माझ्याजवळ तयार असत. ती भीती होती की नुसती सवय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता आबांचं. घाबरू नकोस, तीन आठवड्यांपूर्वी त्यांची पाठ धरली. खताची गोणी उचलली, म्हणाले. माझ्याच बापाने कंबरेत वाकून गोणी उचलावी, म्हणून मी बराच रागावलो. तपासलं, नस दबलेली नाही, पायात ताकद चांगली आहे. दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं. आजवर माझा एक शब्द न ऐकणारा माणूस सकाळ-संध्याकाळ चटई टाकून व्यायाम करतो, मला कळेना. रविवारी तपासून म्हटलं, आबा, तुम्ही ठणठणीत. ते उठले नाहीत. पालथेच पडून, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘मांगून अजून धरल्यावानी वाटते. ते पायाळूचं तुही माय म्हणते, ते खरं राहते का?’ मी म्हटलं, पायाळू तर धुळ्याला असते. तर म्हणे, ‘मंग? एसटी बंद झाली का?’

काल मायने खरं सांगितलं. गोणीबिणी काही नव्हती. आबा शिडीवर चढून अंगणातल्या निंबाला तुझा आखाजीचा झोका बांधत होते. एक दोर बांधून झाला आणि पाठ धरली. तो एकच दोर तसा लोंबतोय. मी दुसरा बांधायला गेलो तर ओरडले, ‘हात नको लावू. पाठ बरी झाली का मीच बांधीन.’ व्यायाम त्यासाठी चाललेत. आठ आखाज्या गेल्या, डिंपल; त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. नवलरावांबद्दल आबा काही बोलले नाहीत. विचारून कळवतो असं लिहिणार होतो, पण पुन्हा माझं तेच टाळणं होईल, म्हणून लिहितो, दोघंही या. डॉक्टर म्हणून सांगतो, मायच्या काय नि आबांच्या काय, पाठीला आता काहीही झालेलं नाही. त्यासाठी येऊ नकोस. आखाजीला ये. आबा पालथे पडलेच तर पाय अगदी हलका ठेव, आता त्यांचं वय झालंय. दुसरा दोर ते बांधतील तेव्हा शिडी मी धरीन.

तुझाच,
भूपेंद्रदादा